जुन्या अँब्युलन्सला नवं पासिंग द्या

म्हातारी माणसं प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. कुणी त्यांना तसं सांगत नाही. रस्त्यात उतरायला जागा मिळेल का, मिळाली तर ती बसण्याजोगी असेल का, आपल्यासाठी सगळ्या गाडीला थांबावं लागेल का, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केलेला असतो. मी मिरजेत परिचारिका म्हणून नोकरी केली. लग्नसराई सुरू झाली की आमच्या वॉर्डात अशा बायका यायच्याच. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कुणाला चक्कर. केसपेपरवर जंतुसंसर्ग लिहिलेलं असायचं. शेजारी बसून विचारलं की हळूच कळायचं, भाचीच्या लग्नाला पुण्याला जाऊन आले सिस्टर, जाताना-येताना कुठं उतरलेच नाही.

राज्य सरकारनं २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट केलं. हे दोन्ही निर्णय मला मनापासून आवडले. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका त्यानंतर पहिल्यांदा एकट्या माहेरी गेल्या. पण ज्यांचा गुडघा वाकत नाही, ज्यांना तासाभरानं लघवीला जावं लागतं, ज्यांच्या एका अंगावरून वारं गेलं आहे, त्यांना फुकट तिकीट असून पायरी चढता येत नाही. अशी माणसं घराघरांत आहेत. खोलीतून ओसरीपर्यंत आणि ओसरीवरून दवाखान्यापर्यंत, एवढंच त्यांचं जग उरतं. आणि त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणारी सूनही घरातच अडकते, हे कुणी मोजत नाही.

अशा घरांसाठी वापरून झालेली, धडधाकट, जुनी अँब्युलन्स ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोयीची राहती गाडी आहे, असं माझं मत आहे. ते ऐकीव नाही. आमच्या दारात अशी गाडी उभी आहे. यजमानांचं आयुष्य कुपवाडच्या एमआयडीसीत ट्रकच्या आणि बसच्या बॉडी बांधण्यात गेलं. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर त्यांनी गाडी शोधायला सुरुवात केली. नवी कॅराव्हॅन आमच्या आवाक्यातली नव्हती. गाडीच्या किमतीतच आमची फंड-ग्रॅच्युइटी संपली असती, वर आतल्या सजावटीचा खर्च वेगळा. शेवटी एका सहकारी संस्थेनं विकायला काढलेली टेंपो ट्रॅव्हलरची अँब्युलन्स मिळाली. वय बरंच झालेलं, पण चाललेली कमी. अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. देवस्थानं, पतसंस्था, साखर कारखाने, मंडळं अँब्युलन्स घेतात, नारळ फुटतो, मग ड्रायव्हरचा पगार कुणी द्यायचा यावर गाडी शेडमध्ये उभी राहते. टायर कडक होतात, बॅटरी मरते, पण इंजिन आणि पत्रा शाबूत असतो. आम्ही तीन लाखांच्या आसपास गाडी घेतली आणि आतलं सगळं काम दीड लाखाच्या आत बसवलं, तेही मजुरी घरची म्हणून.

अँब्युलन्सच का, साधी ट्रॅव्हलर का नाही? तर अँब्युलन्स मुळातच झोपलेल्या माणसासाठी बांधलेली असते. एवढा एक मुद्दा पुरेसा आहे, पण तिच्यात शिरल्यावर आणखी गोष्टी दिसतात. मधल्या वाटेत आपल्या उंचीचा माणूस सरळ उभा राहतो. ज्याला कुणाचे कपडे बदलायचे असतात, कुशीवर वळवायचं असतं, त्यालाच या उंचीची किंमत कळते. वाकून केलेल्या कामानं परिचारिकांच्या कमरा जातात. छताला धरायला दांडी असते. मागचं दार दोन्ही बाजूंना पूर्ण उघडतं आणि माणूस आडवा आत घेता येतो. जमिनीवर जाड विनाइल अंथरलेलं असतं, कडेला थोडं वर वळवलेलं, म्हणजे पाणी ओतून पुसता येतं. भिंती फायबरच्या, धुता येणाऱ्या. चांगल्या गाडीत दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, प्लगची सोय आधीच असते. सक्शन मशिनसाठी केलेल्या त्या वायरिंगवर आता आमचा पंखा, दिवा आणि सासूबाईंचं नेब्युलायझर चालतं. नातेवाइकांसाठीचा लांब बाक दुसऱ्या माणसाचा पलंग होतो.

गाडी निवडताना माझा सल्ला विचारणाऱ्यांना मी ओम्नी घेऊ नका म्हणते. ती मिळते स्वस्त, पण तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि आत उभं राहता येत नाही म्हटल्यावर सेवा करणाऱ्याचे हाल. टाटाची विंगर चांगली. तिच्या पुढच्या चाकांना जोर मिळतो, त्यामुळं खाली मागपर्यंत दांडा जात नाही आणि जमीन बुटकी राहते. गुडघे दुखणाऱ्याला दोन इंच कमी चढणंसुद्धा मोठं असतं. आम्ही ट्रॅव्हलर घेतली ती सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतात म्हणून. आकुर्डीची ती कंपनी २००५ पासून फोर्स झाली तरी आमच्याकडे अजून सगळे टेंपोच म्हणतात आणि टेंपोचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर असतो.

आता स्वच्छतेचं. हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून मी त्यावर जरा जास्त बोलणार आहे. जुनी अँब्युलन्स घरी आणली की आधी तिच्यात कुणी अनवाणी चढायचं नाही. जाड हातमोजे घालून, चिमटा घेऊन, बाकाच्या खाली, स्ट्रेचरच्या रुळाच्या खाचेत, भिंतीच्या आणि जमिनीच्या सांध्यात शोधायचं. सुया सापडतात. औषधाच्या बाटलीचं फुटलेलं तोंड सापडतं. आमच्या गाडीतही सापडलं, आणि गाडी बरीच नीट ठेवलेली होती. सुया साध्या कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या बरणीत भरून जवळच्या दवाखान्यात द्यायच्या, त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते.

मग विनाइल उचलायचं, सगळं. कितीही नवं दिसलं तरी. खाली प्लाय असतो आणि प्लाय पितो. वर्षानुवर्षं जे सांडलं ते शिवणीतून खाली गेलेलं असतं. कडा काळ्या पडल्या असतील, वास येत असेल तर प्लाय फेकायचा आणि मरीन प्लाय टाकायचा. त्या चार-सहा हजारांत काटकसर करू नये. पत्रा आणि फायबर धुवायला आधी साबणाचं पाणी, कारण मळावर औषध लागू पडत नाही. मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, किमान दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर साध्या पाण्यानं पुसून काढायचं, नाहीतर धातू गंजतो. संडास धुवायचं ॲसिड त्यात मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद गाडीत तो जिवावर बेततो. रेक्झिनची जुनी कुशनं, पडदे, स्ट्रेचरची गादी यातलं काहीही ठेवायचं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीबरोबर आला असेल तर तो आपला नसतो असं समजून पुरवठादाराला परत करायचा. एवढं झालं की दारं उघडी टाकून गाडी कडक उन्हात उभी करायची. आमच्या भागातलं एप्रिल-मे महिन्यांचं ऊन या कामाला फार चांगलं.

एवढं सगळं सांगितल्यावरही एक प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याला मी कधी हसत नाही. ‘ज्या गाडीत माणसं गेली त्यात झोपायचं?’ आमच्या घरी तो प्रश्न नणंदेनं विचारला, अगदी रडवेली होऊन. आईला त्यात निजवू नका म्हणाली. मी तिला खोटं सांगितलं नाही. त्या गाडीत कुणी गेलं असेल, आम्हाला माहीत नाही. पण ज्या कॉटवर माणसं जातात त्याच कॉटवर दुसऱ्या दिवशी नवा पेशंट बरा व्हायला येतो, हे मी नोकरीभर पाहिलं. चादर बदलतो, कॉट पुसतो, नवं नाव लिहितो. राज्यात २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचायच्या आत त्यांतल्या डॉक्टरांनी घाटात, शेताच्या बांधावर बायकांना मोकळं केलेलं आम्ही मिरजेत बसून ऐकायचो, कधी तीच बाळं आमच्या हातात यायची. नणंदेनं गाडीला हळदीकुंकू लावलं, दाराला लिंबू-मिरची बांधली. ज्याला जसं बरं वाटतं तसं करावं. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, ‘गं, यात मला एकटीला जाऊन बसता येईल ना?’ त्या कमोडबद्दल विचारत होत्या.

ती सोय आम्ही सगळ्यात आधी केली. पलंग, गॅस, टीव्ही यांच्याआधी. मागच्या कोपऱ्यात स्टीलची कमोड खुर्ची, खाली घट्ट झाकणाचा डबा, भोवती पडदा, हाताला लागेल अशा उंचीवर दांडी. मोठ्या दुकानात मिळणारा पोर्टेबल टॉयलेट सुबक असतो, पण बुटका असतो, आणि अर्धांग झालेल्या माणसाला बुटक्या जागेवरून उठता येत नाही. सर्जिकलच्या दुकानातली कमोड खुर्ची कमी पैशांत येते आणि पायांची उंची वाढवता येते. डबा कुठंही रस्त्याकडेला ओतायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे. पेट्रोल पंपावर, धर्मशाळेत, नातेवाइकाच्या घरी विचारून रिकामा करतो. कुणी नाही म्हटलं तर पुढं जातो.

पाण्याचे डबे चाकांच्या आसापाशी ठेवले आहेत. लिटरला किलो या हिशेबानं ते जड होतात आणि टोकाला ठेवले तर घाटात गाडी हलते. थंडीसाठी, उन्हासाठी छताच्या आत यजमानांनी फोमची शीट चिकटवली. बाकी काही विशेष नाही.

सासूबाईंचं माहेर देवगड तालुक्यात. झटक्यानंतर त्यांनी त्या वाटेचा विषयच काढला नव्हता. आम्ही त्यांना गगनबावड्यावरून नेलं. घाटमाथ्यावर थांबून त्यांनी आपणहून पाणी मागितलं, पुरा तांब्याभर प्यायल्या. मला परिचारिका म्हणून त्या तांब्याचं जेवढं समाधान वाटलं तेवढं एखाद्या चांगल्या रिपोर्टचंही वाटलं नसेल. त्या घाटात झोपून होत्या, उशाशी खिडकी. कुणकेश्वरला गाडी उभी केली, मागची दारं समुद्राकडं उघडली, तिथंच त्यांना आंघोळ घातली, साडी नेसवली आणि भावाची सून त्यांना भेटायला गाडीत आली. गाडीतच चहा झाला. त्यांना कुणाच्या दारात ओझं होऊन उतरावं लागलं नाही, पाहुणचार त्यांनी केला.

हे सगळं सांगून झाल्यावर मुद्द्यावर येते. आमची गाडी कागदावर खासगी प्रवासी गाडी आहे. अँब्युलन्सचा शेरा रद्द करून घेतला, त्यात हेलपाटे झाले, पण झालं. पुढं तिला राहती गाडी म्हणून नोंदवायची तर काय करायचं, हे विचारायला गेलो तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. कार्यालयातल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढं तसा सोपा अर्जच नाही. ओळखीच्या एजंटानं सल्ला दिला, ‘काकू, बोल्ट मारू नका. पलंग सुटा ठेवा, सगळं सामान म्हणून दाखवा.’

हा सल्ला कायद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचा असेल, पण माणसाच्या दृष्टीनं तो धोक्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्यानं दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२अ कलम आलं. नियमाबाहेरचा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कायद्यामागचं कारण मला पटतं. वाटेल तसे टायर, वाटेल तसे दिवे, कापलेल्या चासी यांनी जखमी झालेली पोरं मी ड्रेसिंग टेबलवर पाहिली आहेत. पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत त्याचा उलटा परिणाम होतो. पलंग नट-बोल्टनं पक्का केला तर भीती, पट्ट्यानं बांधला तर ते सामान. मग लोक पट्ट्यानं बांधतात. जोरात ब्रेक लागला की सुटा पलंग माणसासकट पुढं येतो. आमच्या यजमानांनी बसच्या सीटा आयुष्यभर जमिनीला आवळल्या. कुठल्या बोल्टवर किती ताण येतो हे त्यांना ठाऊक आहे. तेच इथं ट्रकच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून बसले आहेत, हे मला रोज टोचतं.

वाट कायद्यात नाहीच असंही नाही. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-वाहतूक गाड्यांचा एक प्रकार म्हणून दिलेला आहे. एआयएस-१२४ हे मोटार कॅराव्हॅनचं मानकही आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, या कॅराव्हॅनच्या व्याख्येच्या आमची गाडी बरीच जवळ जाते. पण ते मानक कारखान्यात एकसारख्या गाड्या बनवणाऱ्यांना डोळ्यांपुढं ठेवून आखलेलं आहे. एक गाडी, एक कुटुंब, एक आजारी म्हातारी, यांना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रकार-मान्यता मिळवणं कसं परवडणार?

आणि त्याच ५२ व्या कलमात एक खिडकी उघडी आहे, तिच्याकडे मला सरकारचं लक्ष वेधायचं आहे. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी मालक स्वतःची गाडी बदलून घेऊ शकतो आणि नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेऊ शकतो, अशी ‘अनुकूलित वाहना’ची तरतूद तिथं आहे. आधी बदल, मग मान्यता. म्हणजे शरीराची अडचण ओळखून नियम वाकवता येतो हे संसदेनं मान्य केलेलं आहे. आपल्याकडे ती तरतूद बहुतेक स्कूटरला दोन जादा चाकं लावण्यापुरतीच माहीत आहे. ज्याला बसता येत नाही, ज्याला झोपूनच प्रवास करावा लागतो, त्याच्या पलंगालाही ती लागू करा. त्याच कलमानं विशिष्ट कारणासाठीच्या बदलाला सूट द्यायचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. वापरातून काढलेल्या अँब्युलन्सचं राहत्या गाडीत रूपांतर हे असं एक कारण म्हणून मान्य व्हावं.

ब्रिटनमध्ये मालक स्वतः बदललेल्या गाडीची माहिती आणि फोटो नोंदणी खात्याला पाठवून ‘मोटर कॅराव्हॅन’ असा शेरा मागू शकतो. जर्मनीत तपासणी संस्थेचा अभियंता ती एकच गाडी बघतो आणि दाखला देतो. आपल्याकडेही पासिंगला गाडी उभी राहतेच की. त्याच दिवशी, फी घेऊन, निरीक्षकानं आत चढून बघावं.

काय बघावं, हेही मी एक परिचारिका म्हणून सांगते. सगळ्यात आधी हवा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. आमच्या गाडीत झोपताना इंजिन बंद म्हणजे बंद, एसीसाठी चालू ठेवायचं नाही, आणि धोक्याची घंटा देणारं छोटं यंत्र उशाशी लावलेलं आहे. ते सक्तीचं करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका वर असून उपयोग नाही, तो खालीच लागतो. आम्ही गॅस आत ठेवतच नाही, बाहेर ओट्यावर पेटवतो. वायरीला फ्यूज आहे का, आग विझवायचा सिलिंडर हाताशी आहे का, झोपलेल्या माणसाला दोन बाजूंनी बाहेर काढता येतं का, पट्टा छातीला आणि मांडीला दोन्हीकडं आहे का. आज यातलं काहीही कुणी तपासत नाही, कारण कागदाच्या दृष्टीनं आमच्या गाडीत पलंगच नाही.

आणि एका बाबतीत सरकारनं आमच्यासारख्यांवर जितकं कडक व्हावं तितकं थोडं. सायरन, वरचा दिवा, उलट्या अक्षरातलं नाव, लाल पट्टे, अधिक चिन्ह, हे सगळं विकतानाच उतरवलं गेलं पाहिजे आणि त्याचे फोटो कागदांना जोडले गेले पाहिजेत. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड आहे. लोक दंडाच्या भीतीनं नाही, आत कुणीतरी आहे या जाणिवेनं बाजूला होतात. सहलीच्या गाडीनं तो आवाज एकदा जरी वापरला तर पुढच्या खऱ्या पेशंटचा वेळ जातो. आमची गाडी आम्ही पांढरीसुद्धा ठेवली नाही, पोपटी करून घेतली आणि रंगाची नोंदही बदलली.

दुसरी अट माझ्या मनातली. सेवेला चालेल अशी अँब्युलन्स कुणीही राहती गाडी करायला विकू नये. आधी ती एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, डोंगरातल्या गावाला लागते का ते विचारलं जावं. जतच्या पूर्व भागातल्या, शाहूवाडीतल्या वाड्यांना अजून गाडीची वाट बघावी लागते. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढं वाढत नाही, त्या मोडीतच जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या गाड्या खरोखर झिजलेल्या असतात. मी बोलते आहे ते संस्थांच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी उभी करायची जागा, पाणी, वीज असलेले तळ व्हावेत अशी त्यात कल्पना आहे. ती चांगली आहे, पण तिच्या केंद्रस्थानी हौशी पर्यटक आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक असतो, त्यात चूल, धान्य, अंथरुणं आणि चालून थकलेली म्हातारी माणसं सगळी एकत्र जातात. चाकांवरचं बिऱ्हाड आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. एसटीच्या मोठ्या आगारांत, एमटीडीसीच्या निवासांत दोन गाड्यांपुरती सपाट जागा, एक नळ, एक प्लग आणि कमोडचा डबा रिकामा करायला एक चेंबर, एवढं मिळालं तरी कितीतरी घरांतली माणसं बाहेर पडतील.

इचलकरंजीहून एका मुलीचा फोन येतो. वडिलांना पार्किन्सन आहे, त्यांना एकदा नृसिंहवाडीला आणि जमलं तर गाणगापूरला न्यायचं आहे, गाडी बघितली आहे, घेऊ का? मी तिला दाराची रुंदी मोजायला सांगते, प्लाय उचलून बघायला सांगते, कमोडची उंची सांगते. मग ती विचारते, पलंग जमिनीला पक्का करून घेऊ ना? तिथं माझ्याकडं द्यायला उत्तर नसतं. परिवहन खात्यानं असा अर्ज काढला तर पहिल्याच दिवशी आमची पोपटी गाडी तपासणीला उभी करायला आम्ही तयार आहोत. पलंगाचे बोल्ट किती मापाचे आणि कुठं घ्यायचे, तेवढं आधी लेखी कळवा. यजमानांनी ड्रिल मशीन तेलपाणी करून ठेवलं आहे.